टॉर्चमध्ये हर्पीस पॉझिटिव्ह, माझ्यात १.७२. रिपोर्ट कुणी वाचून देईल का?

हळदपेव

नमस्कार मंडळी. नेहमीचा आयडी बाजूला ठेवून हा नवा काढलाय, कारण इथं सांगली-मिरजेची निम्मी माणसं ओळखीची आहेत.

मी ३६, बायको ३१. राहायला विश्रामबाग, नोकरी कुपवाड एमआयडीसीत. मार्चमध्ये तिचा गर्भ नवव्या आठवड्यात गेला. सोनोग्राफीत ठोके लागले नाहीत. पहिलीच खेप होती. त्यानंतर डॉक्टरबाईंनी टॉर्च टेस्ट लिहून दिली, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, हर्पीस वगैरे संसर्गांची एकत्र रक्ततपासणी. बाकी सगळं ठीक, पण हर्पीसच्या दोन ओळी ठळक अक्षरात:

एचएसव्ही १+२ आयजीएम: १.३४ (१.१ च्या वर पॉझिटिव्ह)
एचएसव्ही १+२ आयजीजी: पॉझिटिव्ह

मिस्टरांचीही करून घ्या म्हणाल्या. मी परस्पर लॅबमध्ये जाऊन सगळ्यात मोठं पॅकेज केलं. माझं एचएसव्ही-१ आयजीजी पॉझिटिव्ह, आणि एचएसव्ही-२ आयजीजी १.७२, तेही पॉझिटिव्ह.

आता त्रास सांगतो. दोन-अडीच महिने झाले, पुढच्या कातडीला बारीक चिरा पडतात, लाल होतं, लघवीनंतर चुरचुरतं. पाण्याने भरलेला फोड मात्र कधी दिसला नाही. डाव्या मांडीत आणि तळव्याला मुंग्या येतात. हर्पीस उठायच्या आधी अशाच मुंग्या येतात असं इंटरनेटवर वाचलं, तेव्हापासून दिवसभर लक्ष मांडीकडेच. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, आकडे बरे आहेत.

एका डॉक्टरांनी न तपासता नुसता कागद बघून एसायक्लोव्हिर हे हर्पीसचं औषध दिलं. दुसरे म्हणाले, काही नाही, डोक्यातून काढा. तिसऱ्यांनी दोघांना आयुष्यभर गोळ्या सांगितल्या. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने चार दिवस बरं वाटतं, मग दुप्पट उसळतं.

लग्नाआधी माझं एक नातं होतं, ते बायकोला पहिल्यापासून माहीत आहे. लग्नानंतर दोघांचंही बाहेर काही नाही. रिपोर्ट आईच्या हाती लागला आणि घराची कळा गेली. बायको काही बोलत नाही, तेच जास्त लागतं.

मला एवढंच कळून घ्यायचंय. १.७२ म्हणजे आहे की नाही? गर्भ यानेच गेला का? आणि कुणाकडून कुणाला आलं हे कळतं का?

भडंगवाला

हर्पीस म्हणजे नागीण ना राव? आमच्या आज्जाच्या बरगडीवर उठलेली. गेरू लावला, वेढा पुरा व्हायच्या आत उतरली. टेन्शन घेऊ नका.

मिरजेची_मायक्रो

भडंगवाला, नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, तिला हर्पीस झोस्टर म्हणतात. दादांचा प्रश्न हर्पीस सिम्प्लेक्सचा, म्हणजे एचएसव्हीचा आहे. कूळ एक, आजार दोन. आणि नागीण एका बाजूच्या नसेच्या पट्ट्यात राहते, वेढा पुरा झाला की माणूस जातो हे खरं नाही. गेरूने काही होत नाही, ती आपली आपण उतरते.

हळदपेव दादा, मी मिरजेत एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघते. औषध सांगणार नाही, कागद कसा वाचायचा तेवढं सांगते.

आयजीएम आणि आयजीजी ही संसर्गाविरुद्ध रक्तात तयार होणारी दोन प्रकारची प्रतिपिंडं. आधी वहिनींचा आयजीएम. माझ्या हातात असतं तर ती ओळ रिपोर्टवर छापलीच नसती. आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग असं कॉलेजात शिकवतात, पण हर्पीसमध्ये ते चालत नाही. वर्षानुवर्षं अंगात असलेला विषाणू पुन्हा उठला तरी आयजीएम वाढतो. दुसऱ्याच विषाणूच्या तापात वाढतो. काही वेळा कशाचाही पत्ता नसताना वाढतो. टाइप १ की टाइप २ हेही त्यावरून सांगता येत नाही. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हर्पीससाठी आयजीएम वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे तो टॉर्चच्या पॅकेजात बसलेला असल्याने निघत राहतो, आणि निघाला की घरं हलतात.

आता १+२ आयजीजी. यात दोन्ही प्रकार एकत्र मोजलेत, त्यामुळे कुठला आहे ते कळायला मार्ग नाही. टाइप १ म्हणजे मुख्यतः ओठावर ताप उतरतो तो. ५० वर्षांखालच्या जगातल्या साधारण ६४ टक्के लोकांत तो आहे असा डब्ल्यूएचओचा अंदाज आहे. बहुतेकांना लहानपणीच मिळतो, कुणीतरी पापा घेतलेला असतो. त्यातल्या पुष्कळ जणांना जन्मात एकदाही फोड येत नाही. म्हणजे वहिनींच्या रिपोर्टवरून एवढंच म्हणता येतं की त्या तुमच्या-आमच्यासारख्याच आहेत.

आयजीजी ही जुनी नोंद असते. सातबारावर नाव आहे म्हणजे माणूस आत्ता बांधावर उभा आहे असं होत नाही, आणि तो कधी आला, कुणाबरोबर आला हेही त्यावरून निघत नाही.

तुमच्या १.७२ बद्दल जरा सविस्तर लिहायला पाहिजे, रात्री लिहिते. तोवर कसलीही नवी टेस्ट करू नका.

कृष्णाकाठ

म्हणजे लॅबवाले बिनकामाची टेस्ट विकतात, आणि लॅबवालेच येऊन सांगतात की ती बिनकामाची आहे. छान आहे.

मिरजेची_मायक्रो

@कृष्णाकाठ, टोमणा मान्य. चिठ्ठीवर लिहून आलेली टेस्ट आम्ही नाकारत नाही, आणि पॅकेजची जाहिरात करायला मार्केटिंगवाले असतात. म्हणूनच इथं लिहितेय.

वनौषधी_सेवक

(हा प्रतिसाद संपादकांनी उडवला आहे.)

संपादक

"मुळासकट बरं, खात्रीने" असले दावे आणि फोन नंबर इथं चालणार नाहीत. हर्पीसचा विषाणू शरीरातून पूर्ण काढून टाकणारं औषध आजघडीला कुठल्याच पॅथीत नाही. पुन्हा टाकलंत तर आयडी बंद होईल. बाकी धागा चालू द्या. कुणीही रिपोर्टचे फोटो टाकू नयेत, त्यावर नाव आणि बारकोड असतो.

मिरजेची_मायक्रो

राहिलेलं लिहिते.

टाइप २ वेगळा ओळखणाऱ्या टेस्ट त्या विषाणूच्या ग्लायकोप्रोटीन जी नावाच्या प्रथिनावर आधारलेल्या असतात. त्यात ०.९ ते १.१ ला काठावरचा आणि १.१ च्या वर पॉझिटिव्ह छापतात. कागदावर १.२ ही पॉझिटिव्ह आणि ९ ही पॉझिटिव्ह, दोन्ही सारख्याच ठळक अक्षरात. पण १.१ ते ३ च्या पट्ट्यात खोटे पॉझिटिव्ह खूप असतात. ३ च्या खालचा आकडा दुसऱ्या पद्धतीने तपासून घेतल्याशिवाय निदान करू नये, असं सीडीसीच सांगते. तिकडे पक्क्या खात्रीसाठी सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वेस्टर्न ब्लॉट करतात. आपल्याकडच्या नेहमीच्या लॅबमध्ये ती सोय नाही, पण वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या पद्धतीच्या मशिनवर पुन्हा तपासता येतं.

खोटे पॉझिटिव्ह कुठून येतात त्याचा हिशेब बघा. समजा १००० माणसं आहेत आणि त्यातल्या ५० जणांना खरंच टाइप २ आहे. टेस्ट चांगली आहे, १०० तल्या ९५ वेळा बरोबर सांगते. तर त्या ५० मधले साधारण ४७ ती पकडेल. पण उरलेल्या ९५० निरोगी माणसांतही शंभरी पाच चुकेल, म्हणजे ४७ जणांना विनाकारण पॉझिटिव्ह म्हणेल. हातात ९४ पॉझिटिव्ह रिपोर्ट, त्यातले निम्मे खोटे. टेस्ट वाईट नाही, पण लक्षण नसलेल्या सगळ्यांना सरसकट लावली की असं होतं. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाने २०१६ मध्ये आणि परत २०२३ मध्ये, लक्षण नसलेल्यांची हर्पीससाठी रक्ततपासणी करू नका असंच सांगितलं ते यामुळे.

तुम्हाला लक्षणं आहेत, मग प्रश्न रक्ताला विचारायचाच नाही, कातडीला विचारायचा. चीर किंवा फोड ताजा असताना, शक्यतो पहिल्या ४८ तासांत, तिथला स्वॅब घेऊन पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी. फोड असेल तर तो फोडून तळाचा स्वॅब घेतात. खपली धरल्यावर गेलात तर काही हाती लागत नाही. त्वचारोगवाले कधी कधी टझांक स्मीअर करतात, त्यात मोठ्या बहुकेंद्रकी पेशी दिसतात, पण हर्पीस की नागीण हे त्यावरून ठरत नाही. पीसीआर टाइपसकट सांगते.

आणि स्वॅब घ्यायला जाल त्याच दिवशी सिफिलिसची आणि एचआयव्हीची तपासणी करून टाका. घाबरवत नाहीये, गुप्तांगावर जखम म्हटलं की हे बघायचंच असतं.

द्राक्षबाग_तासगाव

लई दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मला तीन वर्षं हर्पीस म्हणून फिरवलं. शेंड्यावर एकच गोल चट्टा उठायचा, आग व्हायची, कधी फोड धरायचा, आठवड्यात बसायचा. दर वेळी एसायक्लोव्हिर. दर वेळी बरं वाटायचं, कारण तो तसाही बसणारच होता.

शेवटी मिरजेच्या एका त्वचेच्या डॉक्टरबाईंनी दोनच प्रश्न विचारले. चट्टा गेल्यावर काळा-जांभळा डाग राहतो का? आणि उठायच्या आदल्या दिवशी काय खाल्लं, औषध कुठलं घेतलं? मग बायकोला आठवलं. पावसाळ्यात पोट बिघडलं की मी जुलाबाची गोळी घ्यायचो, नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची. दर वेळी त्याच्या पाठीमागून चट्टा, त्याच जागी. फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात त्याला. गोळीची अ‍ॅलर्जी, पण उठते ठरलेल्या जागी, ओठावर नाहीतर तिथं. पेनकिलरनेही होतं, सल्फाच्या गोळीनेही होतं. गोळी बंद, चट्टा बंद. औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवलंय.

दुसरं म्हणजे फवारणीची पँट भिजल्यावर तशीच दिवसभर अंगावर ठेवू नका. आमच्याकडे एका पोराची जांघ सोलून निघाली आणि त्यानेबी पहिलं हर्पीसच गुगल केलं.

पलूसचा_जीपी

मायक्रो ताईंनी रिपोर्टचं उत्तम सांगितलं. मला वेगळंच विचारायचंय. हळदपेव, शुगरची गोळी कुठली? आणि हा त्रास सुरू व्हायच्या आधी काही बदललं होतं का? ट्यूबवर काय काय लिहिलंय?

हळदपेव

डॉक्टर, मेटफॉर्मिन सहा-सात वर्षं आहे. फेब्रुवारीत त्यात डापाग्लिफ्लोझिन जोडली. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनॅझोल.

पलूसचा_जीपी

वाटलंच. डापाग्लिफ्लोझिन रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि किडनीला फायद्याचं आहे. पण पुढच्या कातडीखाली गोड लघवीचा अंश राहतो आणि कॅन्डिडा नावाची बुरशी तिथं संसार थाटते. चिरा, लाली, चुरचुर, कधी पांढरा थर. या गोळीच्या माहितीपत्रकात हा दुष्परिणाम लिहिलेला असतो, पण लिहून देताना सांगायला आम्हा लोकांना वेळ नसतो.

ट्यूबमधलं क्लोबेटासोल हे फार ताकदीचं स्टिरॉइड. त्याने लाली आणि खाज दोन दिवसांत दबते, बुरशी मात्र आत वाढत राहते. म्हणून चार दिवस बरं आणि मग दुप्पट. २०१८ मध्ये सरकारने असली स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. कोण ऐकतंय! जांघेतल्या गजकर्णाचे जे हट्टी रुग्ण माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेकांच्या खिशात हीच ट्यूब असते.

मी पडद्याआडून निदान करत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, खरवडून बुरशीसाठीची केओएच तपासणी करतील, जोडीला पीसीआरचा स्वॅबही द्या, म्हणजे दोन्ही प्रश्न एकदम सुटतील. ट्यूब आजपासून बंद. शुगरची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना सांगा. मुंग्यांसाठी बी-१२ बघा, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं. शुगरमुळे नसाही कुरकुरतात, आणि एकाच पायात असेल तर कंबरही बघावी लागते.

रानजाई

मला टाइप २ आहे. पीसीआरने सिद्ध झालेला. पंचविशीत मिळाला, आता चाळिशी जवळ आलीय. इथं कुणी तरी खरा हर्पीस कसा असतो ते सांगायला पाहिजे म्हणून लिहिते.

पहिला झटका विसरता येत नाही. ताप, अंगदुखी, जांघेत गाठी, बारीक फोडांचा घोस, ते फुटून जखमा. लघवी करताना अक्षरशः ओरडायचे, टबात कोमट पाणी घेऊन त्यात बसून करायचे. सगळ्यांना असं होत नाही, टाइप २ असलेल्या बऱ्याच जणांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसतं. पण ज्यांना होतं त्यांना "मला चिरा पडतात, तो हर्पीस असेल का" असा प्रश्न फारसा पडत नाही.

नंतरचे झटके सौम्य. आदल्या दिवशी एका ठरावीक जागी झिणझिण, मग चार-पाच फोड, आठवड्यात साफ. पहिल्या वर्षी पुष्कळ वेळा, मग कमी कमी. विषाणू कंबरेच्या खालच्या नसांच्या गाठीत झोपलेला असतो, तिथून त्याच वाटेने येतो. म्हणून जागा ठरलेली. हळदपेव, तुमच्या मुंग्या दिवसभर, रोज, मांडीत आणि तळव्याला, पाठोपाठ फोड कधीच नाहीत. माझ्या अनुभवाशी ते जुळत नाही.

सासरच्यांना सांगितलेलं नाही, नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं. तो निगेटिव्ह आहे, अजूनही. बाळंतपण नॉर्मल झालं. छत्तिसाव्या आठवड्यापासून गोळ्या चालू केल्या होत्या, कळा सुरू झाल्यावर डॉक्टरांनी नीट तपासून फोड नाहीत याची खात्री केली. फोड असते तर सिझर. एवढंच.

हळदपेव

मी त्याची बायको. म्हणजे हळदपेवची. आयडी त्याचा, त्यानेच काल हा धागा वाचायला दिला.

मला धीर नकोय, उत्तर पाहिजे. गर्भ हर्पीसमुळे गेला का? सासूबाईंनी माझा टॉवेल, साबण, ताट-वाटी वेगळी केलीय. बोलत काही नाहीत, फक्त वेगळं ठेवतात. आणि एक. सातवी-आठवीत परीक्षा जवळ आली की माझ्या ओठाच्या कडेला पुरळ यायचं. आजी म्हणायची, जर मुतला, म्हणजे ताप ओठावर उतरला. ते हेच का?

पलूसचा_जीपी

ताई, सरळ उत्तर देतो. तुमच्या रिपोर्टवरून हर्पीसने गर्भ गेला असं म्हणायला कसलाही आधार नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यातल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची मांडणीच चुकलेली असते. त्यात आईने काही केलेलं नसतं आणि काही करून थांबवताही येत नाही. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांतही टॉर्च तपासणीचा उपयोग नाही, असं ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय. तुमची तर पहिलीच खेप.

हर्पीसची गरोदरपणातली खरी काळजी वेगळी आहे. आईला शेवटच्या तिमाहीत, बाळंतपणाच्या तोंडावर पहिल्यांदाच संसर्ग झाला तर बाळाला होण्याचा धोका ३० ते ५० टक्के असतो. आधीपासून असेल तर तो एक टक्क्याच्याही खाली, कारण आईच्या प्रतिपिंडांचं संरक्षण बाळाला मिळतं. म्हणून पुढच्या वेळी तुमच्या डॉक्टरांना हे सगळं सांगून ठेवा.

ओठाच्या कडेचं पुरळ टाइप १ च असणार. तुमचा १+२ आयजीजी बहुधा तिथलाच. म्हणजे लग्नाच्या कितीतरी आधीचा.

मिरजेची_मायक्रो

वहिनी, टॉवेलाने, साबणाने, ताटाने, संडासाच्या सीटने हा पसरत नाही. शरीराबाहेर विषाणू फार टिकत नाही. लागतो तो कातडीला कातडी लागून, तेही त्या जागेची. ओठावर ताप उतरलेला असताना मात्र तान्ह्या बाळाचा पापा कुणीही घेऊ नये, त्यात खरा धोका आहे. तिथं काळजी घ्यायची ती कुणी घेत नाही.

सुमनमावशी_हरिपूर

पोरी, मी शहाणपण शिकवत नाही, पण सासूला एकदा विचार, तुम्हाला कधी ओठावर ताप उतरला होता का. हो म्हणाली तर सांग, मग तुमचंही ताट वेगळं करायला पाहिजे. साठीच्या बाईची ही १+२ टेस्ट काढली तर तिचीही पॉझिटिव्ह निघायची शक्यता मोठी आहे. 

आणि मुलाने आईशी बोलायचं, सुनेने नाही. हळदपेव, हे काम तुझं आहे बाबा.

कृष्णाकाठ

मावशींना +१. माझा आधीचा टोमणा मागे. एक माहिती: ज्यांना खाजगीत जायची लाज किंवा पैशाची अडचण आहे त्यांच्यासाठी सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक असतं, नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमातलं. तपासणी, औषध फुकट. हर्पीसच्या जखमांसाठी तिथं लाल रंगाचं पाच नंबरचं किट देतात, आत एसायक्लोव्हिर ४०० च्या गोळ्या, दिवसातून तीन, सात दिवस. बाकी शंका असतील तर १०९७ ही हेल्पलाइन फुकट आहे, मराठीत बोलतात.

भडंगवाला

एवढं कळल्यावर आमच्या आज्जाच्या गेरूवरचा विश्वास उडाला राव.

हळदपेव

धागा वर काढतोय, काही लोकांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) विचारलं म्हणून.

त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. पहिल्यांदा कुणीतरी दिव्याखाली नीट बघितलं. ताजी चीर होती, तिथून स्वॅब घेतला, खरवडूनही घेतलं. केओएचमध्ये बुरशी दिसली. पीसीआर टाइप १ आणि २ दोन्ही निगेटिव्ह. एचआयव्ही, सिफिलिस निगेटिव्ह. टाइप २ आयजीजी वेगळ्या पद्धतीच्या मशिनवर पुन्हा केलं, तेही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, या सगळ्याचा मिळून अर्थ असा की १.७२ ला धरून बसायचं कारण नाही.

बुरशीचं औषध, ट्यूब बंद, शुगरवाल्या डॉक्टरांनी गोळी बदलली. चिरा गेल्या. कातडी अजून नाजूक आहे, स्टिरॉइडमुळे पातळ झालीय म्हणे.

मुंग्यांचं पक्कं कळलेलं नाही. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत, थोडा फरक आहे. कुपवाडच्या रस्त्यावर रोज गाडीवर बसून कंबरेचं काय होत असेल कुणास ठाऊक, तीही दाखवायची आहे.

आईशी बोललो. तिला ओठावर ताप उतरायचा, दर उन्हाळ्यात. ताट-वाटी परत मांडणीत आलीय. साबण अजून वेगळाच आहे, पण बायको म्हणते राहू दे, तिला तो वासच आवडत नव्हता.

आयर्विन_पूल

हा धागा वाचून धाडस करतोय. माझं उलटं आहे. टाइप २ आयजीजी ६.८. वर्षातून तीन-चारदा कंबरेखाली उजवीकडे, एकाच जागी पाणीदार फोडांचा घोस येतो, आदल्या दिवशी झिणझिण. मला आशा होती की माझाही खोटा पॉझिटिव्ह निघेल. स्थळ आलंय, मुलगी मिरजेची, पुढच्या महिन्यात सुपारी.

मिरजेची_मायक्रो

दादा, ६.८ आणि सोबत हे वर्णन, मी खोट्या पॉझिटिव्हची आशा धरणार नाही. पुढचा घोस उठेल त्या दिवशीच स्वॅब द्या, म्हणजे कागदावर पक्कं होईल. फिक्स्ड ड्रग इरप्शनची शक्यताही डॉक्टर त्याच वेळी बघतील.

रानजाई

आयर्विन, सांगा. सुपारी फुटायच्या आधी, आणि तिला एकटीला, घरच्यांच्या बैठकीत नाही. रोज व्हॅलासायक्लोव्हिर ५०० घेतल्याने जोडीदाराला लागण्याचा धोका साधारण निम्मा होतो, कंडोमने आणखी कमी, झिणझिण सुरू झाल्यापासून खपल्या पडेपर्यंत संबंध नाही. फोड नसतानाही थोडा धोका राहतो, तेही लपवू नका. हे सगळं तिला तुमच्या तोंडून कळण्यापेक्षा डॉक्टरांकडून कळलेलं बरं, म्हणून दोघं मिळून जा. तिथं तिचीही टाइप वेगळी करणारी आयजीजी करून घ्या, १+२ वाली नाही. तिला टाइप २ आधीच असेल तर अर्धी चर्चा तिथंच संपेल, आणि नसेल तर गोळ्या कधीपासून चालू करायच्या ते डॉक्टर त्याच भेटीत सांगतील.